दोन पंप बदलूनही न गेलेला आवाज

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी बाराच्या उन्हात, अंबाजोगाईहून एक पांढरी छोटी गाडी माझ्या लातूरच्या गॅरेजसमोर येऊन थांबली. २००५ सालची, पेट्रोलवरची, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन, लाखाला थोडे कमी किलोमीटर झालेले. मालक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे गुरुजी. दार उघडायच्या आधीच काचेतून म्हणाले, "मिस्तरी, गाडी रडायलीय. दोनदा पंप बदलला, तरी रडायलीय." पंप म्हणजे टाकीत बसवलेला, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा छोटा पंप.

इंजिन चालूच होतं. मी मागच्या दाराशी वाकून कान दिला. घूंऽऽ असा चढा, ताणलेला सूर येत होता आणि त्यात मधूनमधून बारीक खरखर. पिठाच्या गिरणीत दळण संपलं आणि वर दुसरं दळण टाकायला कोणी नसलं की जातं जसं मोकळं फिरतं, तसा. मी आत जाऊन मीटर घेऊन येईपर्यंत सूर खाली उतरला होता. पाच-सात मिनिटांनी तर नेहमीची गुणगुण तेवढी राहिली. गुरुजी ओशाळले. "हे असंच होतंय. दाखवायला नेलं की गप."

त्यांना वाटलं मी विश्वास ठेवणार नाही. पण दाखवायला आणल्यावर गप होणारा आवाज हीच मोठी माहिती असते. ज्या पंपाची बेअरिंग किंवा ब्रश झिजलेत तो उभ्या गाडीतही आवाज करतो, सकाळी करतो, संध्याकाळी करतो. हा आवाज कशावर तरी अवलंबून होता. कशावर, ते शोधायचं होतं.

डिक्कीत एका पिशवीत दोन जुने पंप होते. गुरुजींनी ते जपून ठेवले होते, याचा पुढे उपयोग झाला. पहिला गाडीसोबत आलेला, दुसरा बाजारातला स्वस्तातला. आता टाकीत होता तो तिसरा, चांगल्या कंपनीचा. पहिल्या गॅरेजात सांगितलं पंप गेला. दुसऱ्या गॅरेजात सांगितलं पहिल्याने डुप्लिकेट माल टाकला. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की जुनी गाडी आहे, इथेनॉलचं पेट्रोल आलंय, आता असंच चालायचं. तिघांपैकी कोणीही प्रेशर मोजलं नव्हतं. मला हे लिहिताना वाईट वाटतं, कारण तिघेही कष्टाळू माणसं आहेत आणि प्रेशर गेज ही काही फार महागाची वस्तू नाही.

मी गाडीला हात लावला नाही. स्टूल दिलं, पाणी दिलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

आवाज कधीपासून? दिवाळीनंतर. त्याआधी गाडी कशी होती? आषाढापासून दिवाळीपर्यंत उभीच होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, शेतातल्या घरी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली लावलेली. मुलगा महिन्या-दोन महिन्यांनी येऊन स्टार्ट करून जायचा. आवाज गावात येतो का? नाही, गावात कधीच नाही. लातूरला निघालं की बर्दापूरच्या आसपास सुरू होतो. सकाळपेक्षा दुपारी जास्त. आवाज वाढला की चढाला गाडी ओढत नाही, एखादा धक्का देते. आणि मग गुरुजी सहज म्हणाले, "पेट्रोल टाकलं की मात्र जातोय बघा. रेणापूरला पाचशेचं टाकलं की लातूरपर्यंत चूप."

हा शेवटचा पुरावा आधीच्या तिघांनीही ऐकला होता. अर्थही तिघांनी एकच लावला होता, आणि तो अगदी सरळ वाटतो: टाकीत पेट्रोल कमी असलं की पंप उघडा पडतो, गार राहत नाही, हवा ओढतो, म्हणून ओरडतो. पेट्रोल टाकलं की बुडतो आणि शांत होतो. म्हणून गुरुजींना सल्ला मिळाला होता की टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. त्यांनी तो इमानेइतबारे पाळला. "मग अर्धी टाकी असताना आवाज येत नाही ना?" मी विचारलं. ते थोडे थांबले. "येतोय. थोडा उशिरा येतोय, पण येतोय."

म्हणजे पातळी हे पूर्ण उत्तर नव्हतं. पेट्रोल टाकताना टाकीची पातळी वाढते हे खरं. पण त्याच वेळी आणखी काय काय होतं? गाडी थांबते. इंजिन बंद होतं. थंड पेट्रोल आत पडतं. आणि झाकण उघडतं. एका कृतीत चार गोष्टी बदलतात आणि श्रेय मात्र एकीलाच मिळालं होतं. तेव्हा हा विचार माझ्या मनात स्पष्ट होता असं म्हणणार नाही. वहीत "पेट्रोल टाकल्यावर जातो – का?" एवढंच लिहिलं आणि कामाला लागलो.

गॅरेजातली मोजमापं

आधी वीज. पंप ही शेवटी बारा व्होल्टची मोटर आहे, तिला वीज कमी मिळाली तर ती कुरकुरणारच. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट मिळाले, पंपाच्या कनेक्टरवर १२.८. एवढ्याशा वायरीत एक व्होल्टहून जास्त पडतोय हे बरोबर नव्हतं. अर्धा व्होल्ट मी चालवून घेतो, त्यापुढे नाही. तोट्याचा मोठा भाग अर्थिंगच्या बाजूला निघाला. मागच्या सीटखाली बॉडीला लावलेला अर्थचा बोल्ट हिरवा-पांढरा पडला होता. घासून, नवं वॉशर घालून, ग्रीस लावून बसवला. आता कनेक्टरवर १३.५ आले. हे मूळ दुखणं असेल अशी मला आशा वाटली होती. तसं नव्हतं. उलट वीज पुरेशी मिळाल्यावर पंप थोडा जोरात फिरायला लागला आणि नंतर रस्त्यावर त्याचा सूर आणखी वर चढला. दोष खराच होता, दुरुस्तीही करायलाच हवी होती, पण आपण शोधत होतो तो दोष हा नव्हता. अशा जागी बिल फाडून गाडी सोडून द्यायचा मोह होतो.

मग प्रेशर. आधी पंपाचा रिले काढून इंजिन चालू केलं, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू दिलं, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. पेट्रोलचा पाइप सोडताना शेजारी वाळूची बादली आणि फायर सिलिंडर असतो, पोरं विडी तर सोडाच, मोबाइलसुद्धा बाहेर ठेवतात. गेज रेलच्या, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या, आधी टी लावून जोडला. इग्निशन ऑन, इंजिन बंद: पंप दोन-तीन सेकंद चालतो, तेवढ्यात काटा २.८ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला). इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू: २.३. दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी (इंजिनाची हवेची ओढ पोचवणारी) काढली: पुन्हा २.८. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी: २.१. या जातीच्या इंजिनाला हे आकडे चांगले आहेत. उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा रिटर्न पाइप दबलेला असता तर दाब चढा दिसला असता. पंपाच्या आतला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप, गळत असती तर इंजिन बंद केल्यावर दाब उतरला असता. इंजेक्टर टपकत असता तरी तेच.

तिसरं मोजमाप करंटचं, आणि माझ्या मते पंपाच्या आवाजात याच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही. पंपाच्या फ्यूजपाशी वायरीभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावला. ४.२ ॲम्पिअर, स्थिर.

ही बोलकी गोष्ट कशी, ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. बोअरमध्ये पाणी भरपूर असलं की मोटरवर पुरेसं ओझं असतं. पण मे महिन्यात पाणी खाली गेलं आणि मोटर पाण्याऐवजी हवा घ्यायला लागली की स्टार्टरच्या पेटीवरचा काटा खाली येतो, लडबडतो आणि मोटरचा सूर मात्र वर चढतो. ओझंच राहिलं नाही तर ॲम्पिअर कशाला खाईल? २०१६च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा, कोरड्या बोअरचा तो सूर इथल्या घराघरात ओळखीचा झाला होता. गाडीतला पंप लहान आहे, टाकीत बुडालेला आहे, पण कायदा तोच. पुढचा फिल्टर चोंदला, पाइप दबला, तर पंपाला जोर लावावा लागतो आणि करंट वाढतो. पंपाला आत पेट्रोलच मिळेना, तर करंट घटतो आणि डळमळतो. आवाज दोन्हीकडे येतो. कान फसू शकतो, क्लॅम्प मीटर सहसा फसत नाही.

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "मग रस्त्यावर आवाज येताना ॲम्पिअर बघायला पाहिजे." त्यांनी माझ्या तोंडचं वाक्य घेतलं.

इथेनॉलचा प्रश्न

रस्त्यावर जायच्या आधी इथेनॉलचं काय ते पाहून घेतलं, कारण गुरुजींच्या मनात ते पक्कं बसलं होतं. लातूर-धाराशिव-बीडचा पट्टा उसाचा, कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या याच भागात. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५पर्यंत देशभर पोहोचलं. २००५ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, हे खरं. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, पाणी धरून ठेवतं, टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सोडवतं आणि तो थर जाळीत आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. यातलं काहीही पंपाला ओरडायला लावू शकतं.

काचेच्या मोजनळीत गाडीतलं ९० मिली पेट्रोल घेतलं, त्यात १० मिली पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. खालचा थर १० वरून २७-२८ पर्यंत वाढला. पाण्याने इथेनॉल ओढून घेतलं, म्हणजे पेट्रोल सांगितल्याप्रमाणे २० टक्क्यांचंच होतं. दुसरी बाटली पाणी न घालता तशीच ठेवली. तळाशी वेगळं पाणी साचलं नाही, चिमूटभर काळसर गाळ तेवढा बसला. गावात आवाज येत नाही, हायवेवर वीस किलोमीटरनंतर येतो आणि पेट्रोल टाकलं की जातो, याचं उत्तर मात्र या बाटलीत नव्हतं. म्हणून इथेनॉल बाजूला ठेवलं, सोडून दिलं नाही.

रेणापूरचा रस्ता

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता निघालो. ४२ अंश तापमान. गेज लांब नळीने बाहेर काढून समोरच्या काचेवर वायपरखाली बांधलेला, क्लॅम्प मीटर माझ्या मांडीवर, गुरुजी चालवायला. टाकी पाव. मुद्दाम पेट्रोल टाकू दिलं नाही.

रेणापूरपर्यंत काही नाही. रेणापूर ओलांडल्यावर पाच-सहा किलोमीटरवर मागून बारीक सूर सुरू झाला. मी मीटर पाहिला: ४.०. पुढे ३.८. एक चढ लागला, गुरुजींनी ॲक्सिलरेटर दाबला, सूर चढला आणि आकडे ३.३ ते ३.६ मध्ये नाचायला लागले. गेजचा काटाही थरथरत होता. म्हणजे पंप जोर लावत नव्हता, पंपाला मिळत नव्हतं.

रस्त्यापासून आत एका चिंचेखाली गाडी घेतली. इंजिन बंद करू नका म्हणालो. आयडलला गेज १.९, गॅरेजात हाच आकडा २.३ होता. तुलना करताना आयडलची आयडलशीच करायची, चालत्या गाडीतल्या आकड्याशी नाही, कारण रेग्युलेटर इंजिनाच्या व्हॅक्यूमप्रमाणे दाब बदलत राहतो. आजूबाजूला कोणी विडी ओढत नाही ना, ते पाहिलं. मग मागे जाऊन झाकण फक्त सैल केलं. काढलं नाही, पेट्रोल टाकलं नाही, इंजिन बंद केलं नाही. चारातली एकच गोष्ट बदलली.

सूंऽऽ असा आवाज आला आणि चार-पाच सेकंद चालला. उन्हाळ्यात टाकी उघडली की वाफ बाहेर पडते, तो आवाज आपण रोज ऐकतो. म्हणून खिशातली पावती काढून झाकणाच्या कडेशी धरली. कागद बाहेर उडायला हवा होता. तो आत ओढला गेला, कडेला चिकटला. त्याच क्षणी खालून टण्ण असा पत्र्याचा आवाज आला. गुरुजी दचकून उतरले. आत दबलेला टाकीचा पत्रा मूळ जागी आला होता, तेलाचा डबा दाबून सोडल्यावर येतो तसा. आणि पंपाचा आवाज थांबला. गेज २.३, मीटर ४.२.

झाकण आवळलं आणि परत त्याच रस्त्याने फिरलो. पंधरा-सोळा किलोमीटरवर पुन्हा सूर, पुन्हा आकडे खाली. पुन्हा झाकण, पुन्हा कागद आत, पुन्हा शांत. पेट्रोल या सगळ्या वेळात कमीच होत गेलं होतं. पातळीचा सिद्धांत तिथेच संपला.

पंप पेट्रोल ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे टाकीतला वरचा दाब ते पंपाच्या तोंडाशी ढकलत असतो. लातूरची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, म्हणून इथे हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास. पेट्रोलची वाफ होण्याची ओढ, म्हणजे बाष्पदाब, ३८ अंशाला साधारण ६० किलोपास्कल. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे पंपाची शिल्लक. दुपारी टाकीखालचा डांबरी रस्ता तापलेला, पेट्रोल गरम, बाष्पदाब वर गेलेला. त्यात टाकीतला दाब खाली आला तर शिल्लक दोन्हीकडून खर्च होते. मग जाळीतून आत येता येताच पेट्रोल उकळायला लागतं, बुडबुडे धरतं, आणि पंपाच्या चक्राला पातळ फेस दळायला मिळतो. सकाळपेक्षा दुपारी आवाज जास्त का, याचं उत्तर हेच.

आता टाकीत पोकळी तयार कुठून होत होती?

एमपीएफआय गाडीत टाकीतली वाफ हवेत सोडायची नाही म्हणून ती कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाते. इंजिन गरम झालं आणि गाडी वेगात असली की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन स्वतःच्या व्हॅक्यूमने ती साठलेली वाफ ओढून जाळतं. त्याच वेळी कॅनिस्टरला खालच्या मोकळ्या नळीतून ताजी हवा मिळायला हवी. ती नळी बंद असली तर इंजिनाची ओढ कॅनिस्टरमधून थेट टाकीपर्यंत पोहोचते. थंड इंजिनात पर्ज बंद, या गाडीत आयडललाही बंद. म्हणून गावात आवाज नाही, गॅरेजात नाही, आणि हायवेला इंजिन तापून थोडं अंतर गेल्यावर हमखास.

खात्री करायला पर्जची नळी सोडून दोन्ही तोंडं बोल्ट आणि क्लिप लावून बंद केली, टाकीत हवा घेतली आणि पुन्हा निघालो. वीस किलोमीटर झाले, आवाज नाही. तीस झाले तेव्हा अगदी मंद गुणगुण आली, ती नुसत्या पेट्रोलच्या खपाने तयार झालेल्या पोकळीची असावी. गुरुजी मला म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना हवेचा दाब शिकवला मी. उलट्या ग्लासाला कागद लावून दाखवायचो."

कुंभारीण

कॅनिस्टर पुढच्या दिव्यामागे असतो, काळा प्लास्टिकचा डबा. त्याची हवेची नळी खाली, चाकाच्या मडगार्डकडे तोंड करून. नळी काढून कमी दाबाची हवा सोडली तर काहीच पुढे जाईना. तोंड उजेडाकडे धरलं. आत बोटाच्या नखाएवढ्या अंतरावर चिखलाचं बूच होतं, राखाडी काळं, वरून इतकं गुळगुळीत की कोणीतरी अंगठ्याने सारवल्यासारखं. नळी उभी चिरली. एकामागे एक तीन कप्पे, मधे मातीच्या पातळ भिंती. पहिल्या कप्प्यात वाळून कोळपलेल्या हिरवट अळ्या, मागच्या दोनांत वाळलेले कोष.

कुंभारीण माशी. गोठ्याच्या भिंतीवर, देवघराच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात घर करते ती. पावसाळ्यात ओल्या मातीच्या गोळ्या आणून कप्पा बांधते, आत डंख मारून सुन्न केलेल्या अळ्या भरते, अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. आषाढापासून दिवाळीपर्यंत गोठ्याशेजारी उभी राहिलेली गाडी, करंगळीएवढं भोक, खाली तोंड असल्याने पाऊस लागत नाही. तिच्या दृष्टीने याहून चांगली जागा नव्हती. मुलगा अधूनमधून गाडी चालू करायचा, पण उभ्या गाडीत पर्ज उघडत नव्हता, त्यामुळे त्या नळीतून कधी वारा खेळलाच नाही.

हे दुर्मीळ वाटेल, पण तसं नाही. २०११ साली माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेत माझदा ६ या मॉडेलच्या सुमारे ६५ हजार गाड्या याच कारणाने परत बोलावल्या होत्या. तिथे एक पिवळसर कोळी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळं विणत होता. टाकीत पोकळी होऊन टाकीला तडा जाण्याची भीती होती. २०१४ साली त्यांना तसाच आणखी एक रिकॉल करावा लागला. आपल्याकडे कोळ्याच्या जागी कुंभारीण. मी स्वतः तेव्हापासून शेतातून येणाऱ्या प्रत्येक उभ्या गाडीची ही नळी बघतो.

पण एवढ्याने भागत नव्हतं. नळी बंद झाली तरी टाकीच्या झाकणात एक छोटा व्हॉल्व्ह असतो. टाकीत पोकळी झाली की तो आतल्या बाजूला उघडतो आणि हवा घेतो. तो काय करत होता? झाकण हातात घेतलं आणि मग दिसलं की हे गाडीचं मूळ झाकणच नव्हे. गुरुजी म्हणाले, पोरीच्या लग्नात मांडवाबाहेर गाडी लावली होती, कोणीतरी पेट्रोल काढून घेतलं, म्हणून कुलपाचं झाकण बसवलं. रस्त्यावरच्या दुकानातलं, चकचकीत, किल्लीचं. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने तपासलं. तशाच दुसऱ्या गाडीचं मूळ झाकण थोड्याशा ओढीला हवा सोडत होतं. कुलपाच्या झाकणातून शेवटपर्यंत एक फुंकर आत गेली नाही. त्यात व्हॉल्व्हच नव्हता. बाहेरून सगळं तेच, फिटिंग घट्ट, रबर उत्तम. झाकण बरीच वर्षं बिनबोभाट चाललं, कारण कॅनिस्टरची नळी मोकळी होती. नळी बंद पडल्यावर झाकणाची उणीव उघडी पडली. मूळ झाकण असतं तर कुंभारणीने केलेलं बूच कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

हे झाकण मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं. पेट्रोलचा नमुना काढताना हाताने उघडलंही होतं. नजरेखालून गेलं आणि मी त्याकडे झाकण म्हणूनच पाहिलं, पार्ट म्हणून नाही.

टाकी तरीही उतरवली. गुरुजींना तो खर्च आधी सांगितला आणि कारणही सांगितलं: पाच-सहा महिने पंप फेसावर चालला आहे, आणि टाकीचा पत्रा रोज आत-बाहेर होत होता. वरच्या पत्र्यावर एका घडीत रंग उडून बारीक रेष पडली होती, तडा नव्हता. तळाशी गाळ होता, तो धुऊन काढला. पंपाची जाळी नवी असूनही एका बाजूने काळी पडली होती, ती बदलली. रबरी नळ्यांपैकी दोन बोटाने दाबल्या तर मऊ आणि चिकट लागत होत्या. इथेनॉल तिथे खरंच काम करत होतं. त्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घातल्या. बाहेरचा फिल्टर बदलला.

पिशवीतला पहिला पंप, मूळचा, कापून उघडला. ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक, कॉम्युटेटर स्वच्छ, चक्र गुळगुळीत. काढायची गरज नव्हती अशी वस्तू वीस वर्षांनी, पूर्ण शाबूत, कचऱ्यात निघाली होती. दुसऱ्या, बाजारातल्या पंपाच्या चक्राच्या कडा मात्र उंदराने कुरतडल्यासारख्या खडबडीत झाल्या होत्या. फुटणारे बुडबुडे एवढं करू शकतात. गुरुजींनी ती दोन्ही चक्रं हातात घेऊन बराच वेळ नखाने चाचपली.

तिसरा पंप बदलायचा की नाही, यावर मी थोडा विचार केला. त्यानेही दोन महिने त्रास काढला होता. बाहेरून चक्र दिसत नाही. टाकी उतरलेलीच आहे तर नवा टाकावा, असं कोणीही म्हणेल, आणि ते चूक नाही. पण दाब, करंट, दाब धरून ठेवणं, सगळं ठीक होतं. अर्ध्या मिनिटात तो अर्धा लिटरच्या वर पेट्रोल देत होता. ज्या माणसाचे दोन पंपांचे पैसे विनाकारण गेले त्याला तिसऱ्यांदा केवळ शंकेवर पंप घ्यायला लावणं मला पटलं नाही. तोच पंप ठेवला आणि त्याचे आकडे वहीत लिहून ठेवले.

कॅनिस्टरची नळी नवी बसवली. तोंडाला मच्छरदाणीच्या विणीची पितळी जाळी क्लिपने लावली. याहून बारीक जाळी लावू नये, आपल्याकडची काळी धूळ ती महिन्याभरात बुजवते आणि आपणच कुंभारणीचं काम करून बसतो. झाकण या गाडीसाठीचं, दोन्हीकडे व्हॉल्व्ह असलेलं मागवलं. कुलूप हवंच असेल तर तसं व्हॉल्व्हचं कुलपी झाकणही मिळतं, पण गुरुजींनी नको म्हटलं.

बरोबर त्याच रस्त्याने, त्याच वेळी, पाव टाकीवर पुन्हा चक्कर मारली. बर्दापूरपर्यंत जाऊन परत. मीटर ४.१ आणि ४.२ च्या मधे. चिंचेखाली थांबून आयडलचं प्रेशर पाहिलं, २.३. झाकण सैल केलं तर कागद किंचित बाहेर उडाला, उन्हाळ्यात उडायला हवा तसा.

पंपाची हलकी गुणगुण आहे, मागे बसणाऱ्याला काच बंद असताना ऐकू येते, पहिल्या दिवशीच्या आवाजाशी तिचं नातं नाही. पण दोन महिने फेस दळलेला पंप आहे, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरलं. करंट ३.८ च्या खाली किंवा पाचच्या वर गेला, किंवा इंजिन बंद केल्यावर दाब पाच मिनिटांत दोन किलोच्या खाली आला, तर तो बदलायचा. गुरुजींनी हे आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. चिरलेली नळी, तिन्ही कप्प्यांसकट, त्यांनी मागून घेतली आणि रुमालात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवली. पावसाळाभर गाडी पुन्हा गोठ्याशेजारीच उभी राहणार आहे, म्हणून पोळा झाला की जाळी तपासायला आणा म्हणून सांगितलंय.